बाबांच्या वतीनं

थेवेस्तेच्या वरची वाडी
नोव्हेंबर, ऑलिव्हची झोडणी चालू आहे

लाडक्या सिल्वान,

तेलाचे बुधले घेऊन कार्थेजला निघालेल्या माणसाच्या हाती हे पत्र देतेय. तुझा जीव वरखाली व्हायला नको म्हणून आधीच सांगते, बाबा जिवंत आहेत. आता बाकीचं ऐक.

घाण्यावर पडले. हंगामातला पहिलाच घाणा होता. दांड्यावर वजन चढवायला गडी होते, पण यांचं आपलं चालूच, सरका, तुम्हाला काय कळतंय, मी दाखवतो. ओरडता ओरडता आवाज मधेच थांबला. मी स्वयंपाकघरात होते, मला आवाज थांबलेलाच आधी ऐकू आला. धावत गेले तर ऑलिव्हच्या चोथ्यात आडवे पडलेले. उजवं अंग गेलंय आणि वाचाही गेलीय. शुद्ध आहे, डोळे सगळं बघतात. तोंडातून मात्र एकच आवाज निघतो, अं. पेज हवी असली तरी अं, नको असली तरी अं, मला शिव्या घालायच्या असल्या तरी अं. सगळ्या वाडीचे कान किटवणारा माणूस, आणि आता हे. मी चेष्टा करते त्यांची, नाहीतर रडायला येतं.

आता कामाचं. बाबांचा बाप्तिस्मा झालेला नाही, हे तुला माहीत आहे. तरणे होते तेव्हापासून दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला, बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना देतात ते देवळातलं मीठ जिभेवर घेतात आणि उंबऱ्यावरच थांबतात. पाण्यात कधी उतरणार म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर: "एकदाच धुवायचंय ना? मग कपडा पुरता मळू दे." आपल्या वाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा हाच बेत आहे. सगळी पापं उरकून घ्यायची, मरताना बिशपला बोलवायचं, हो म्हणायचं आणि कोऱ्या कपड्यात वर जायचं. हो म्हणायला जीभ लागते, हे एकाच्याही डोक्यात आलेलं नाही.

बिशप रेस्तितुत येऊन गेले. आता त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा एक मुका आणि एक बहिरा अशी भेट झाली. ते म्हणाले, आपल्या आफ्रिकेच्या बिशपांनी ठरवून दिलंय, आजारी माणसाला उत्तर देता येत नसेल तर घरच्यांनी साक्ष द्यायची की त्याची तशी इच्छा होती. साक्षीचा भार घरच्यांच्या जिवावर. मी लगेच म्हटलं, मी देते. त्यांनी विचारलं, तुझ्याशी तो कधी तसं बोलला होता का? खोटं कसं बोलू? माझ्याशी नुसती थट्टा करायचे. खरं बोलणं झालं ते तुझ्याशी, द्राक्षं खुडायला आला होतास तेव्हा, अंजिराखाली. मला फक्त चढलेले आवाज ऐकू आले, आणि सकाळी तू न जेवता निघून गेलास.

म्हणून बाळा, ते काय म्हणाले ते लिहून पाठव. बिशप तुझी साक्ष धरतील. बाबा उंबऱ्यावरून तसेच परत गेले तर मला जन्मभर घास गोड लागणार नाही.

तुझी,
उर्बिका


कार्थेज
डिसेंबरची सुरुवात

प्रिय ताई,

तुला शांती असो. पत्र वाचून मी दिवसभर जागचा हललो नाही. ते गिळू शकतात का? पेज पातळ कर, आणि डाव्या कुशीवर झोपवून भरव. सोबत थोडा मध पाठवतोय.

पण साक्ष मी देऊ शकत नाही.

मी त्यांना सरळ विचारलं होतं, येत्या उपासकाळात बाप्तिस्म्यासाठी नाव देणार का. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. हे ऐकणारा मी एकटाच आहे, आणि आता तूच सांग, मी त्याचं हो कसं करू?

रोम लुटलं गेलं तेव्हा जी मंडळी पळून इकडे आली, त्यांच्यातल्या एका वृद्ध गुरुजींजवळ मी राहतो, हे तुला माहीतच आहे. ते म्हणतात, देवानं माणसाला घडवलं तेव्हा निवडायची ताकद त्याच्या हाती दिली. चांगलं वागता येतं म्हणूनच तर चांगलं वागा असा हुकूम आहे, जमणार नाही ते देव कशाला सांगेल? तो कुणाची मानगूट धरून ओढत नाही. ज्यानं स्वतः हो म्हटलं नाही त्याच्यावर पाणी ओतणं आणि भिंतीवर पाणी ओतणं यात फरक काय, ताई? तू रागावशील, पण यावर विचार कर. बाबांनी इतकी वर्षं जे तोंड मिटून ठेवलं, त्यात मी माझे शब्द कोंबू का? आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचा शब्द चालू दिला नाही. आता ते पडलेत म्हणून त्यांच्यावर आपला शब्द चालवायचा, हे मला पाप वाटतं.

माझं त्यांच्यावर प्रेम नाही असं समजू नकोस. मी त्यांच्यासाठी उपास धरलाय. गुरुजी सांगतात, अजून शुद्ध आहे तर अजून वेळ आहे. त्यांना विचार, आणि त्यांची खूण नीट बघ.

तुझा,
सिल्वान


थेवेस्तेच्या वरची वाडी
डिसेंबर, कडाक्याची थंडी

सिल्वान,

मध पोचला. बाबांनी चाखला आणि म्हणाले, अं. खूण बघ म्हणतोस ना? ही घे तुझी खूण.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुझ्या गुरुजींचं बोलणं एवढं लांबलचक आणि बाबांचा नुसता एक शब्द, नाही. मी खोटी साक्ष कधी मागितली होती रे? काय बोलले ते लिही, एवढंच म्हटलं होतं. तू काय अर्थ काढलास तो नको लिहूस, त्यांचं बोलणं लिही. शहाणा आहेस तू, पण लहानपणापासून तुला अर्ध ऐकायची खोड आहे.

भिंतीवर पाणी ओतण्याचंही बोलून घेते. माझ्या दातिवाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती जेमतेम आठवड्याची होती. झोपली होती, पाणी पडल्यावर रडली, मग ढेकर दिला. तिला कोण विचारायला गेलं होतं? तिला हातावर घेऊन कोण उभं होतं? तूच ना? बिशपांनी प्रश्न विचारले आणि तिच्या वतीनं "विश्वास आहे" असं तू म्हणालास, तेही डोळ्यांत पाणी आणून. तेव्हा माझी मुलगी भिंत होती का? का कार्थेजला गेल्यावर तुला हे सगळं कळलं?

इकडची बातमी सांगितली तर तुझा विश्वास बसणार नाही. मिगिन येतो. हो, तोच, वरच्या शेताचा मिगिन, ज्याच्याशी पाटाच्या पाण्यावरून बाबांचा उभा दावा. बाबा जड आहेत, कूस बदलायला माझ्या नवऱ्याला एकट्याला जमेना. एक दिवस मिगिन दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं बाबांना पायांकडून धरलं. बाबांनी असे काही डोळे वटारले की मला वाटलं आता दुसरं अंगही जातंय. तो मात्र रोज येतो. आमची पाण्याची पाळी चुकली तर आपल्या पाळीतलं पाणी आमच्याकडे सोडून देतो. मी आभार मानले तर म्हणाला, गप्प बस पोरी, तो ओरडत नाही तर मला शेतात करमत नाही.

आता एक विचारते, रागावू नकोस. आईचं आहे का हे? ती तापात पडली होती आणि बाबा दांडकं घेऊन पाटावर बसले होते, ते अजून तुझ्या पोटात आहे का? तू खरेपणा जपतोयस का राग जपतोयस, हे मला इथून दिसत नाही. तुला दिसत असेल तर सांग.

बाबांचा श्वास मधूनमधून घरघरतो. वेळ आहे असं तुझे गुरुजी म्हणत असतील, पण त्यांना रोज कूस बदलावी लागत नाही.

उर्बिका


कार्थेज
जानेवारी

ताई,

एवढे दिवस उत्तर दिलं नाही, माफ कर. तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा गुरुजींसारखं लिहून गेलो. ती पत्रं फाडली. आता जसं येईल तसं लिहितोय.

आईचंच आहे. तू तेव्हा धाकट्या काकूकडे होतीस, तुला पुरतं माहीत नाही. आईनं मला पाटावर पाठवलं होतं, बाबांना बोलावून आण म्हणून. मी धावत गेलो. मिगिननं बांध फोडला होता आणि बाबा तिथे पहारा देत बसले होते. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही. "एवढी पाळी संपू दे, आलोच" म्हणाले. मी परत आलो तेव्हा आई दाराकडे बघत होती. मी एकटाच आत आलो. ते आले तोवर ती गेली होती.

आता अंजिराखालचं सांगतो, शब्द न् शब्द आठवतोय. मी त्यांना म्हटलं, बाबा, तीन गोष्टी करा आणि देवळात नाव द्या. दारू सोडा, मिगिनशी भांडण मिटवा, आणि आईच्या बाबतीत चुकलो असं एकदा तोंडानं म्हणा. हे सगळं तुमच्या हातात आहे. मनात आणलं तर आजच होईल.

त्यावर ते जे बोलले ते असं.

"दर वर्षी मीठ घेतलं की मी तसाच मिगिनच्या घराकडे निघतो. बदामाच्या वळणापर्यंत जातो. तिथून त्याचं दार दिसतं. दार दिसलं की पाय मागे वळतात. दारू एक आख्खा हिवाळा सोडली होती, विचार तुझ्या बहिणीला. आणि तुझ्या आईचं म्हणशील तर, तुझ्याकडे बघितलं की मला तू त्या पाटावर उभा दिसतोस. त्यावर काय बोलायचं असतं ते मला येत नाही. माझ्या हातात आहे म्हणतोस. अरे, हातात असतं तर मी कधीच देऊन टाकलं असतं. देवाला मी हवा असेन तर त्यानं येऊन मला न्यावं. माझं मी चालत जाणं, माझ्याच्यानं नाही व्हायचं, पोरा."

मी म्हटलं, ही पळवाट आहे, जमत नाही म्हणणारे सगळे न करणारेच असतात. ते म्हणाले, "मग नाही असं धरून चाल." आणि मी निघून आलो.

हे असं आहे. बिशपांना वाचून दाखव हवं तर. नकार आहे हे त्यांनाही कळेल.

आणखी एक आहे, ते फक्त तुला सांगतो. इथे सगळे माझं कौतुक करतात. माझ्याइतके उपास कुणी करत नाही, माझ्याइतकं पहाटे कुणी उठत नाही. पण रोज प्रभूची प्रार्थना म्हणताना, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, ही ओळ आली की माझे नुसते ओठ हलतात. रोज सकाळी ठरवतो, आज बाबांना मनापासून माफ करायचं. दुपारपर्यंत पाट दिसतो, त्यांची पाठ दिसते, आणि सगळं होतं तिथेच. गुरुजींना सांगायची लाज वाटते. ते म्हणतील, तू नीट ठरवत नाहीस. आणखी किती नीट ठरवायचं, ताई?

सिल्वान


थेवेस्तेच्या वरची वाडी
जानेवारी सरतोय

माझ्या वेड्या भावा,

वेडाच आहेस तू. एवढं सगळं ऐकलंस आणि त्याला नाही म्हणून गाठ मारून ठेवलीस.

झालं ते क्रमानं सांगते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बिशपांना बोलावलं. बाबांचा श्वास फार वाईट लागला होता, कपाळ थंड पडत होतं. बाबांच्या उशाशी बसून मी पत्र वाचायला घेतलं. तुझं गुपित मी गाळलं, काळजी करू नकोस. बाकीचं बिशपांना ऐकू जावं म्हणून ओरडून वाचावं लागलं, तरी ते म्हणाले, पुन्हा वाच. त्यामुळे अंगणात बसलेल्या मिगिनलाही सगळं दोनदा ऐकू गेलं. बदामाच्या वळणाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या घरातून हाक मारली तर तिथे ऐकू जाते, सिल्वान.

मी वाचत होते आणि बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, ते कानाकडे ओघळत होतं आणि त्यांना पुसता येत नव्हतं. मी पुसलं.

मी बिशपांना म्हटलं, माझा भाऊ म्हणतो हा नकार आहे. त्यांनी नाही अशी मान हलवली. हळू बोलायचं त्यांना आता जमत नाही, ते मोठ्यानंच म्हणाले, "मुली, मी म्हातारा झालो. मला जमतं म्हणत आलेला एकही माणूस मी अजून पाण्यातून बाहेर काढलेला नाही. हा तर दर वर्षी घरातून निघत होता. त्याला घराबाहेर कोण काढत होतं असं तुला वाटतं?" मग म्हणाले, या माणसानं येऊन न्या म्हणून सांगितलंय, आणि त्याचा मुलगा लिहून साक्ष देतोय. आणखी काय हवं? पाणी आण.

म्हणजे साक्ष तुझीच धरली, तुला न विचारता. राग येत असेल तर येऊ दे.

मी परातीत पाणी आणलं. बिशपांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि बाबांच्या वतीनं उत्तरं मी द्यायची होती. सैतानाला सोडलंस का? मी म्हटलं, सोडलं. देवबापावर विश्वास आहे का? आहे. पुत्रावर? आहे. पवित्र आत्म्यावर, पापांच्या क्षमेवर विश्वास आहे का? मी तोंड उघडलं पण शब्द येईना. बाबांची वाचा गेली तशी माझीही गेली की काय असं वाटलं. बिशप थांबले. त्यांना वाटलं मी उत्तर दिलं आणि त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं.

मागून आवाज आला, "विश्वास आहे."

मिगिन होता. कधी आत आला मला कळलं नाही. टोपी हातात, चिखलाचे पाय, आणि माझ्याकडे न बघता बाबांकडे बघत होता. "त्याच्या वतीनं मी सांगतो," म्हणाला. "त्याचा विश्वास आहे."

बिशपांनी तीनदा पाणी ओतलं. मग रीतीप्रमाणे बाबांना पांढरा अंगरखा घातला, दूध आणि मध कालवून आणलं. मी बाबांचं डोकं उचलून धरलं, म्हणून वाटी मिगिननं घेतली. मला भीती वाटली, बाबा तोंड मिटून घेतील. त्यांनी मिगिनकडे बघितलं, सिल्वान, किती वेळ बघितलं. आणि मग तोंड उघडलं.

त्या रात्री जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. श्वास थोडा मोकळा झालाय. पांढऱ्या अंगरख्यात पडून असतात, मिगिन आला की अं म्हणतात, आणि आता तो अं मला कळायला लागलाय. बिशप म्हणतात, उद्या जातील किंवा सणापर्यंत काढतील, सांगता येत नाही.

आता तुझं. तू मला जे लिहिलंस, माझे नुसते ओठ हलतात म्हणून, ते वाचून मी खूप रडले. तू ठरवत नाहीस असं मला मुळीच वाटत नाही. तू लहानपणापासून ठरवण्यात पक्का. पण बाबांनी जे म्हटलं तेच तूही लिहिलंयस, हे तुला दिसतंय का? बाबांना माफ कर आणि मग ये, असं मी म्हणत नाही. माफ न करताच ये. तसाच ये, पोटातल्या गाठीसकट. मी आहे इथे. वाटलं तर माझ्यावर ओरड, वाटलं तर दाराशी बसून राहा. पण ये.

तुझी ताई


रस्त्यात, एका धर्मशाळेतून
फेब्रुवारी

ताई,

हे पत्र घेऊन खेचरवाला माझ्या पुढे निघतोय, त्याची जनावरं ताजी आहेत. मी चालत येतोय, म्हणून एक-दोन दिवस मागे राहीन.

गुरुजींचा निरोप घेतला. त्यांनी प्रेमानं विचारलं, बापाला माफ करायचं ठरवलंस का? मी म्हटलं, नाही, काहीच ठरवलेलं नाही. मग कशाला जातोस? मी झोळी खांद्याला लावली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि वाटेसाठी भाकरी दिली. चांगला माणूस आहे तो, ताई.

येताना वाटेत प्रार्थना म्हणून पाहिली. त्या ओळीशी अडलोच. अजूनही अडतो. त्यांना बघितल्यावर मी काय करीन मला माहीत नाही. कदाचित दारातूनच परत फिरेन. तसं झालं तर मला धरून ठेव, नाहीतर मिगिनला सांग धरायला. पायांकडून धरायची त्याला सवय झालीय म्हणतेस.

ते असतील तर त्यांच्या कानात सांग, सिल्वान येतोय. त्याची काही तयारी झालेली नाही, तरी येतोय.

तुझा,
सिल्वान